डावा कौल

"फॉर्म डाव्या कौलाकडे आसा," असं कोणीतरी म्हणालं, आणि तो डावा कौल म्हणजे मी, हे कळायला मला झेरॉक्सच्या दुकानापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत चालावं लागलं. दुकानात गर्दी होती. दुसऱ्या वर्षाची दोन मुलं माझ्याकडे पाठ करून उभी होती. एकाने विचारलं होतं, संचिताचा फॉर्म पुढे गेला का. दुसऱ्याने ते उत्तर दिलं, आणि पहिला म्हणाला, "मगे झाला. ता आता एक तारखेक गोव्याक जातला." दोघं हसली. त्या हसण्यात खोडसाळपणा नव्हता, आणि तेच मला नंतर जास्त लागलं. वाणसामानाच्या दुकानाचं नाव घ्यावं तितक्या सहज त्यांनी ते नाव घेतलं होतं. मी माझे कागद न घेताच बाहेर पडलो. मार्चची दुपार, दीड वाजलेला. डांबरावरून चालताना चपलेचा तळ गरम लागत होता. संचिताचा फॉर्म माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता आणि त्यावर मी सकाळीच, चहा निवायच्या आत, शिफारशीच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं होतं.

कौल म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो, आणि मग देवळात उभी असलेली सगळी माणसं त्या दोन पाकळ्यांकडे बघत गप्प होतात. उजवी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. मी सात वर्षांचा असताना वडिलांबरोबर एकदा गेलो होतो. नवी होडी घ्यायची की नाही असा काहीतरी विषय होता. माझ्या आठवणीत होडी नाहीच. देवळाच्या फरशीचा मांड्यांना लागणारा गारवा आहे, उदबत्तीचा वास आहे आणि भूक आहे. आम्ही सकाळी गेलो होतो आणि दुपार कलली तरी ते चाललंच होतं. पाकळी पडायची, म्हातारी माणसं आपसात काही बोलायची, गुरव पुन्हा पाणी लावायचा, पुन्हा सगळे गप्प. मला वाटलं होतं की हा देव शाळेतल्या मागच्या बाकावरच्या मुलासारखा आहे, त्याला उत्तर यायला वेळ लागतो. पुढे मी शिकलो, देवळात जाणं कमी झालं, मग थांबलं. कौलावर विसंबून धंदा सुरू करणाऱ्यांची उदाहरणं मी वर्गात देत असे. हसण्यासाठी नव्हे. मी मुलांना कशावरही हसू देत नाही.

एकतीस वर्षं मी उद्योजकता आणि लघुउद्योग व्यवस्थापन शिकवतोय. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी तासांवर येतो, कारण हा विषय घ्यायला दुसरं कोणी मिळत नाही आणि मलाही घरात बसवत नाही. फाटकातून आत शिरलो तेव्हा वऱ्हांड्यातली मुलं नेहमीसारखी बाजूला झाली. "गुड आफ्टरनून, सर." मी प्रत्येक चेहऱ्याकडे बघत होतो. हिलाही माहीत असेल. हा तर नक्कीच म्हणत असेल. मुली जिन्यात बसून डबा खात होत्या, सुकटाचा वास येत होता, एकीने झाकण घाईने लावलं. मी हसलो तर ती आणखी संकोचली. पूर्वी मला वाटायचं, हा धाक नाही, ही माया आहे. मूल आपल्या माणसासमोर सावरून बसतं तसं. आम्हाला मूलबाळ झालं नाही. वर्गात साठ मुलं समोर असत, दर वर्षी नवी, आणि मी मथुराला म्हणायचो की माझं घर भरलेलं आहे. ती म्हणायची, "तुमचा भरलेला आसा." तेव्हा मला त्या वाक्यात एकच शब्द ऐकू यायचा, 'भरलेला'.

माझी शिकवण्याची एक रीत आहे. मी आवाज चढवत नाही, लाल शाई वापरत नाही, हिरवी वापरतो. मूल योजना घेऊन आलं की आधी त्याला बसवतो, पाणी देतो, आणि चार प्रश्न विचारतो. तुझ्याकडून घेणार कोण. तो तुझ्याकडूनच का घेईल. त्याने घेतलं नाही तर तू काय करशील. आणि तू आजारी पडलास तर तुझं काम कोण करील. बहुतेक मुलं दुसऱ्या प्रश्नावर अडखळतात. चौथ्यापर्यंत जाणारं मूल दोन-तीन वर्षांत एखादं. कुठे भोक आहे ते मला लवकर दिसतं, शिंप्याला उसवलेली शिवण दिसावी तसं, आणि ते दाखवताना मला आनंद होतो हे मी नाकारत नाही. बापाने कर्ज काढण्याआधी, आईने कानातल्या कुड्या मोडण्याआधी मी ते भोक दाखवतो. मूल थोडा वेळ वहीकडे बघत बसतं. मग "थँक्यू सर" म्हणतं आणि वही मिटतं. मी त्या वही मिटण्याला समज म्हणत आलो. प्रकल्पाला गुण मी चांगले देतो. चुकीची योजनासुद्धा नीट मांडली असेल तर साठपैकी पन्नास देतो.

प्रीतम म्हणून एक होता, होड्यांची इंजिनं जेटीवरच दुरुस्त करून द्यायची त्याची कल्पना होती. पावसाळ्याचे चार महिने काय करशील, असं मी विचारलं. तो आता वास्कोला गोदीत आहे. दीपिका सावंतवाडीची. लाकडी खेळणी विकत न देता बालवाड्यांना महिनाभर वापरायला द्यायची आणि परत घ्यायची, असं तिचं होतं. तुटलेलं खेळणं कोणाचं, असं मी विचारलं. ती ठाण्याला बँकेत आहे. दोघंही गुरुपौर्णिमेला संदेश पाठवतात, दीपिका तर न चुकता, निरांजनाचं चित्र असलेला. "सर, तुम्ही वेळीच सावध केलंत." मी तो वाचतो आणि खाली दोन हात जोडलेलं चिन्ह टाकतो. भेटायला कोणी येत नाही, आणि त्याचा मला कधी राग आला नाही. मुलं लांब आहेत. आज वऱ्हांड्यात उभं राहून प्रथमच मनात आलं की ज्यांना मी सावध केलं ती सगळीच लांब आहेत. गणपतीला येतात, पाच दिवसांनी दाराला कडी घालून जातात. मालवणपासून आचऱ्यापर्यंत रस्त्याने गेलं तर कडी घातलेली किती घरं लागतात, आणि त्यांतल्या किती कड्यांना माझी हिरवी शाई लागलेली आहे, असा विचित्र विचार आला. मी तो झटकला. नोकऱ्या माझ्यामुळे लांब गेल्या नाहीत. तरी तो चिकटून राहिला.

शिक्षकांच्या खोलीत कोणी नव्हतं. पंखा लावला, पिशवीतून फॉर्म काढला. संचिताची योजना माडांची होती. आमच्याकडे नारळ पाडायला माडावर चढणारा, ज्याला आम्ही पाडेली म्हणतो, तो आता मिळत नाही. जे होते ते म्हातारे झाले, त्यांची मुलं चढत नाहीत. संचिताचा बाप सत्यवान हाच पाडेली होता, आता त्याचे गुडघे गेले. हिने सहा दिवसांचं सरकारी प्रशिक्षण घेतलं, पायात अडकवून चढायच्या यंत्रावर ती आता साठ फूट चढते, आणि तिच्याबरोबर तिची मैत्रीण तेजस्वी धरून तीन मुली तयार आहेत. नारळ पाडायचे, शेंडा साफ करायचा, कीड बघायची. गिऱ्हाईक म्हणून तिने बंद घरं धरली होती. मालक मुंबईला, माड इथे, चढणारा कोणी नाही. विद्यापीठाच्या नवउद्योग केंद्राकडून यंत्रं, विमा आणि वर्षभराचा आधार मिळतो, पण त्यासाठी विषयशिक्षकाची शिफारस लागते आणि शेवटची तारीख आजची, चार वाजेपर्यंत. नाही झालं तर गोव्यातल्या एका औषध कंपनीत पॅकिंगची नोकरी तिला मिळालेलीच आहे. एक तारखेला हजर व्हायचं.

योजना नीट होती. पण भोक होतं, आणि ते पहिल्याच प्रश्नावर होतं. बंद घराचा माड कोणाचा? सातबारावर अकरा नावं असतात. एक परळला, एक बोरिवलीला, दोन वारलेले, एकाचा पत्ता नाही. त्यातल्या एकाने बोलावलं की उरलेले विचारणार, नारळ कोणी नेले. म्हणून कोणीच बोलावत नाही. नारळ सुकतो, पडतो, छपराची कौलं फोडतो, पण बोलावत नाहीत. हे मी हिरव्या शाईत, सावकाश, तिला वाईट वाटू नये अशा शब्दांत लिहिलं होतं. आता परत वाचलं. त्यात चूक काही नव्हती. तेच मला खुपत होतं, की चूक सापडत नव्हती.

अडीचला दारावर टकटक झाली. संचिता होती, ओढणीचा पदर कमरेला खोचलेला, हातात एक जाड फाईल. "येऊ का सर?" मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तिने ते एका घोटात संपवलं.

"सर, फॉर्म गेला?"

"नाही."

"म्हणजे गेला नाही, का तुम्ही नाही म्हणालात?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जणू एसटी चुकली असं कोणी सांगितलं. "कुठल्या प्रश्नावर?"

"पहिल्या." मी तिला सातबारा, अकरा नावं, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मी वाट बघत होतो, आता ही फाईल मिटेल. मला एकदम घाई झाली, तिने ती मिटायच्या आत काहीतरी बोलावं अशी, आणि मी जे बोललो ते बोलायचं ठरवलेलं नव्हतं. "तुम्ही मुलं मला डावो कौल म्हणता?"

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सर, ता नाव आमी नाय ठेवला. बॅच-बॅचनी चालत इलेला आसा." मग सावरून, "सॉरी सर. चालत आलेलं आहे."

"किती वर्षं?"

"माझ्या मावशीच्या वेळी पण होतं. रुक्मिणी मावशी. ती तुमच्या वर्गात होती."

मला रुक्मिणी आठवेना. मी पंख्याकडे बघितलं. वीस वर्षं तरी झाली असतील. वीस वर्षं माझ्या पाठीमागे एक नाव बाकावरून बाकावर जात होतं, एखादी जुनी गाइड पुढच्या बॅचला द्यावी तसं, आणि मी फळ्यावर खडूने चौकोन काढत उभा होतो.

"पण सर, तेचो अर्थ वाईट नाय," ती म्हणाली. आता ती शुद्ध बोलायचं विसरली होती. "डावो पडलो म्हणान कोण घराक जाता?"

"म्हणजे?"

"बाबांनी कौल लावलो ना माझ्यासाठी. गावच्या देवळात. चेडवान माडार चढूचा काय, म्हणान. डावो पडलो." ती हे सांगताना हसत होती. "बाबा खूश. मी म्हटलंय, झाला आता. पण गुरव म्हणता, थांबा, ह्येच्यात उणा काय ता इचारूया. एकट्यान चढता नये काय? परत डावो. बरोबर आमची तेजस्वी आसली तर? डावो. मगे बाबांनीच इचारला, एकान चढूचा आणि एकान खाली दोरी धरून उभ्या ऱ्हवाचा, असा केला तर? तेव्हा पडलो उजवो. दुपार झाली सर. माका चक्कर येत होती भुकेन."

फरशीचा गारवा मांड्यांना लागला. सत्तावन्न वर्षांपूर्वीची दुपार, वडिलांची ताठ पाठ, पुन्हा पुन्हा ओल्या केलेल्या पाकळ्या. तो देव मंद नव्हता. माणसं घरी जायला तयार नव्हती. त्यांनी होडीबद्दल किती वेळा, किती तऱ्हांनी विचारलं असेल, आणि प्रत्येक नकारातून होडीत काय काय बदललं असेल, कोण जाणे. मी तिथे बसलो होतो आणि मला फक्त भूक लागली होती.

"मग माझ्याकडे दुसऱ्यांदा कोणी का येत नाही?" मी विचारलं.

"तुम्ही पहिल्या डाव्यालाच मार्क देऊन टाकता, सर," ती म्हणाली. आणि जास्त बोललो असं वाटून घाईने पुढे, "म्हणजे चांगले देता. पन्नास. पण मार्क पडले की मुलांना वाटतं, झालं."

बाहेर तासाची घंटा झाली. वऱ्हांडा पावलांनी भरला आणि रिकामा झाला. ती खुर्चीत पुढे सरकली, दोन्ही हात फाईलवर ठेवले.

"सर, आणि बंद घरां सोडली तर? जंय एकच माणूस ऱ्हवता, त्या घरांनी गेलो तर? थंय इचारूचा तेकाच. नारळ पण तोच खातलो."

आणि फक्त अमुक केलं तर. हा आवाज मी ऐकला होता. याच सुरात, याच जागी थांबणारा. मला त्याचं ठिकाण सापडायला थोडा वेळ लागला, आणि सापडलं तेव्हा मी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. धुरीवाड्यातल्या आमच्या घराची एक खिडकी जेटीच्या रस्त्यावर उघडते. लग्नानंतर चार वर्षांनी मथुराने त्या खिडकीतून सकाळी घावणे विकायचं मनात घेतलं होतं. पहाटे समुद्रावरून येणारी माणसं असत, नंतर शाळेची मुलं. जामसंड्याला माहेरी जाऊन तिने कौलही लावून आणला होता, उजवा. ते सांगताना ती इतकी खुलली होती की मलाच संकोच वाटला. मी तिला दोन संध्याकाळी समोर बसवून समजावलं. तेव्हाही आवाज चढवला नाही. गिऱ्हाईक किती, पीठ किती, लाकूड किती. तिने एका ओळीत लिहिलं होतं, 'घरातल्या माणसाची मदत, दोन तास'. ती ओळ मी खोडली, कारण सकाळी मला कॉलेज असायचं. ती "बरा" म्हणाली. ही आठवण मला नेहमीच होती, आणि तिचा मला कधी त्रास झाला नव्हता, कारण माझं गणित बरोबर होतं. मला आठवत नव्हता तो तिसरा दिवस. मी ओटीवर पेपर तपासत बसलो होतो. ती जेवायला बोलवायला आली, चौकटीत उभी राहिली आणि म्हणाली, "आणि नुसते आयतवाराक घातले तर?" मी मान वर केली नाही. मी "हूं" म्हटलं. त्या हूंचा अर्थ हो नव्हता, नाही नव्हता, हा पेपर संपू दे एवढाच होता. ती थोडा वेळ थांबली. किती वेळ ते मला आता सांगता येणार नाही. मग तिची पावलं आत गेली. पुढे पंचवीस वर्षं ती त्या खिडकीत बसून वाटाणे सोलायची, तांदूळ निवडायची, रस्त्यावरून जाणाऱ्यांशी बोलायची, आणि माझी अशी समजूत होती की तिला ती खिडकी हवेसाठी आवडते. ती गेली त्याला चार वर्षं झाली. खिडकी तेव्हापासून लावलेली आहे, कारण मीठवाऱ्याने बिजागऱ्या गंजतात.

"सर?" संचिता म्हणाली. "बरा नाय वाटत काय?"

"दाखव," मी म्हटलं. "एकट्या माणसांची घरं. किती आहेत?"

तिने फाईल उघडून माझ्यापुढे वळवली. ती आणि तेजस्वी जानेवारीपासून दर रविवारी तीन वाड्यांतून पायी फिरल्या होत्या. बंद घरं शोधताना लागलेली एकट्या माणसांची घरं त्यांनी वेगळी टिपली होती, एकेचाळीस. पट्टीने आखलेले रकाने, माझ्याच वर्गात शिकवलेल्या पद्धतीने. घर क्रमांक, माणसं, माड, शेवटचा पाडा, म्हणजे नारळ उतरवणं, कधी, खाली पडलेले नारळ कोण उचलतं, बोलावणार का, किती दिवसांनी. माणसांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा, एक, एक, एक. शेवटच्या रकान्यात लोकांनी म्हटलं तसंच लिहिलं होतं. पाचव्या घरात राधाबाई, माड सहा, 'या, पण दुपारी नको, निजलेली असते'. नवव्यात एक निवृत्त पोस्टमन, माड चार, 'मुलीला फोन करून सांगतो'. मी शिक्षकाच्या सवयीने बोट लावून खाली खाली येत होतो. सतराव्या ओळीत नाव नव्हतं. धुरीवाडा. माणसं, एक. माड, अकरा. शेवटचा पाडा, अंदाजे दोन वर्षांच्या वर. खाली पडलेले नारळ, 'कोणी उचलत नाही, मोड आलेत'. पुढचे रकाने रिकामे.

अकरा माडांचं घर धुरीवाड्यात एकच आहे. मी ओळ पूर्ण वाचली, बोट अठराव्यावर नेलं आणि परत आणलं. आपण एकटे आहोत हे मला चार वर्षं माहीत होतं, पण ते मला आतून माहीत होतं. सकाळी चहाला एकच कप काढताना, टीव्हीशी बोलताना. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन मुलींना ते कुंपणाच्या दगडी गडग्याबाहेरून मोजता आलं होतं, आणि मोजून त्यांनी ते एका आकड्यात बरोबर बसवलं होतं. मला राग आला नाही. मला वाटलं, त्या रविवारी मी आत होतो. खिडकी लावलेली होती.

"हे गडग्यावरून बघून लिहिलंस?"

"व्हय सर."

"विचारायला का नाही आलीस?"

"धाडस नाय झाला." ती नखाने फाईलचा कोपरा कुरतडत होती. "तेजस्वी म्हणाली, सर चार प्रश्न इचारतले आणि आमीच भायर पडतलाव."

"अपुरा तक्ता घेऊन माझ्याकडे यायचं नाही, हे मी पहिल्या तासाला सांगतो."

"सांगता, सर."

"मग पूर्ण कर."

मग तिने माझंच हिरवं पेन उचललं, टोपण काढलं, आणि अनोळखी घरी विचारावं तशी पाठ ताठ केली. गेल्या एकतीस वर्षांत या टेबलाच्या या बाजूला मला कोणी प्रश्न विचारला नव्हता.

"माड किती?"

"अकरा. एक वाकडा आहे, समुद्राकडे. त्यावर चढू नका."

तिने लिहिलं. "शेवटचा पाडा?"

"दोन वर्षांपूर्वी. शिमग्याआधी. तुझ्या वडिलांनीच केला."

"बाबांनी?" ती थांबली. "तेच्यानंतर गुडघे गेले."

"मला माहीत नव्हतं. मी त्याची वाट बघत होतो. मग बघायचं सोडलं."

"खाली पडलेले कोण उचलतं?"

"कोणी नाही. पडल्याचा आवाज येतो."

तिला ते कोणत्या रकान्यात लिहावं कळेना. तिने काहीच लिहिलं नाही. "आमी चार मुली इलो तर बोलवश्यात?"

"होय," मी म्हटलं.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी फॉर्म पुढे ओढला आणि 'नाही'वर एक सरळ रेघ मारली. खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते, ती केली. वर 'होय' लिहिलं. कारणाच्या जागी माझं हिरवं परिच्छेदभर लिहिणं होतं, ते तसंच राहू दिलं, कारण ते खोटं नव्हतं, आणि खाली लिहिलं, 'विद्यार्थिनीने ग्राहक बदलला आहे. नव्या ग्राहकांपैकी एकाने होकार दिला आहे.' शिपाई भाईला हाक मारली. तो फॉर्म घेऊन ऑफिसकडे गेला, दारातून वळून एकदा माझ्याकडे बघून. खाडाखोड केलेला माझा कागद त्याने यापूर्वी नेलेला नव्हता. या योजनेचं काय होईल ते मला माहीत नाही. एकेचाळीसांतली वीस घरं पैसे द्यायला कुरकुरतील. पावसाळ्यात माड निसरडे होतात. एखादी मुलगी लग्न होऊन जाईल. मला सगळी भोकं दिसत होती, आणि यावेळी ती मला तिने परत यायची कारणं वाटत होती. नव्या प्रश्नासाठी.

संचिता निघाली नव्हती. ती फॉर्म गेला त्या दाराकडे बघत होती, डोळे भरलेले होते, आणि ते मला दिसू नये म्हणून तिने पुन्हा तक्त्यात डोकं घातलं. "एकच ऱ्हवला, सर. किती दिवसांनी येवचा? बाकी सगळ्यांनी दीड महिन्यान सांगितल्यानी. दीड महिन्यान नारळ बरे तयार होतत."

कॉलेजात मी मालवणी बोलत नाही. घरी बोलायचो.

"आठवड्यान," मी म्हटलं.

पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तिथेच राहिलं. "सर, आठवड्यान नारळ तयार होणत नाय."

"म्हायत आसा माका."

तिने वर बघितलं नाही. रकान्यात लिहिलं, 'सात दिवस', आणि सहीसाठी तक्ता माझ्याकडे फिरवला.